पंचवीस तारखेचा सत्कार

चि. विजयसिंह,

रविवार, सात डिसेंबर, सकाळी पावणेदहा वाजता वडवणीच्या चौकात मी तुझा फ्लेक्स पाहिला. माझा हात जोडलेला फोटो आणि खाली माझ्या पंचाहत्तरीचा सत्कार, पंचवीस डिसेंबरला! नाताळला मी व्हिएन्नात असणार, हे तुला दिवाळीपासून माहीत आहे. तेव्हाच तू म्हणालास, "अक्का, तिकडं थंडीत मरायला कावून जाती? कपिलधार हाय की, गाडी देतो!"

कपिलधारचा धबधबा मी शंभरदा पाहिलाय. कॉन्व्हेंटात सिस्टर व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चचं चित्र दाखवायच्या, तेव्हापासून मला तिथली नाताळची घंटा ऐकायची आहे. आधी आबा नको म्हणाले, मग तुझे दाजी. आता तू, ज्याचं नाक मी पुसलं!

सत्कार माझा की तुझ्या निवडणुकीचा, हे चौकातल्या रिक्षावाल्यांनाही कळतं. फ्लेक्सवर तू माझ्या तिप्पट आहेस.

कार्यक्रम रद्द केल्याचं मला गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव. नाहीतर स्टेजवरच्या खुर्चीत माझा तोच फोटो ठेव आणि त्यालाच शाल पांघर. हार मात्र घालू नकोस. मी परत येणार आहे.

तुझी अक्का,
वनमाला