मामांची मोटार पहूरला का राहिली

पहूर, वैशाख वद्य पंचमी

तीर्थस्वरूप अभिमनमामांस,

मंदाचा साष्टांग नमस्कार. मुंबईच्या दमट हवेत आपला दमा कसा आहे? मामींच्या गुडघ्याला तेल चोळणे चालू असावे. इकडे सर्वांच्या प्रकृती आहेत तशा आहेत. मोटारीची मात्र बिघडली, म्हणून ती इतक्यात धुळ्याला धाडता येत नाही. कसे झाले ते सविस्तर कळवते.

माझ्या कमलताईचे यजमान तापाने गेल्याची तार आली तेव्हा आपण मुंबईत होतात. म्हणून आपली मोटार व ड्रायव्हर सुपडू यांना घेऊन मी, ताईबाई काकू आणि भिकुबाई मावशी पहूरला दुखवट्याला निघालो. (मोटार न विचारता नेली. आपण नाही म्हणाला नसतात, असे धरून चालले.) पारोळ्यात शिरताना पुढच्या झाकणातून वाफ निघू लागली आणि सुपडूने मोटार थांबवली. काकू-मावशी आजवर दुखवट्याला गेल्या त्या बैलगाडीने. गाडी थांबली की गाव आले आणि गाव आले की गळा काढायचा, ही त्यांची रीत. दोघींनी तोंडावर पदर ओढलेले. त्यांनी तिथेच, आडत दुकानांसमोर, जावयाचे गुण गात हेल काढला. आसपासच्या बाया रीतीप्रमाणे तोंड धुवायला पाण्याचे तांबे घेऊन धावल्या. (तेच पाणी पुढे सुपडूने रेडिएटरमध्ये ओतले.) एकीने विचारले, "कोन गयं वं माय?" मी शरमून सांगितले की आम्हाला पहूरला जायचे आहे, इथे फक्त मोटार तापली आहे. ती म्हणाली, "मंग काय व्हयनं? पानी थंड व्हस तवलग रडी ल्या." आणि स्वतःही शेजारी बसून रडली. तिचे कोण गेले होते, ते विचारायचे राहून गेले.

एरंडोलच्या पुढे पुन्हा तेच. सुपडूने दृष्ट काढायला लिंबू मागितले. काकू मला म्हणाल्या, "इतलं शिकेल शे, दखी ले ना जरा." बी. ए. ला माझा विषय संस्कृत, तरी पाहिले (घरात पहिली पदवीधर झाल्यापासून मला सगळेच यावे लागते). पाणी भरलेले होते, पट्टा ताठ होता, पंखा फिरत होता. मग तो वारा ओढतो कुठून? मी पदराचे टोक समोरच्या जाळीपाशी धरले. ते आत ओढले जायला हवे होते, पण हलेचना. वाकून पाहिले तर जाळीची भोके कापसाने गच्च बुजलेली. मामा, मोटारीला ऊन लागू नये म्हणून आपण ती मायेने जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या कोठीत ठेवता. ऊन लागले नाही, पण तिचा श्वास कोंडला.

दोघींनी अंबाड्यातले आकडे काढले आणि कपाशी वेचावी तशी जाळी वेचली. काकूंनी तर सवयीने त्या काळ्या कापसाच्या वाती मांडीवर वळायला घेतल्या. या वाती गेलेल्या जावयाजवळच्या दिव्यालाच लागायच्या, हे आठवले तेव्हा त्यांचा हात थांबला.

त्यानंतर मोटार तापली नाही. पहूरच्या खऱ्या दारात मात्र काकूंच्या तोंडून आवाज फुटेना. कमलताई आतल्या खोलीत, दार लोटून, अंधारात बसलेली. तिचे सासरे धनसिंग आबा भले आहेत, पण वर्षभर तिने कोपरा सोडायचा नाही अशी घरची चाल. मी तिला न्यायला आले म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, "बेटा, तू कोण नेणारी? ज्यांनी दिली त्यांनी यावं." सोयरीक जुळवताना आपण म्हणाला होतात, या घरात पोरीला उन्हाची झळ लागणार नाही. ती खरोखरच लागलेली नाही. ताईने मला एकच विचारले, "मोटारमा वारा लागस का वं?"

मोटार बरी होईपर्यंत मी इथेच आहे. मामींना नमस्कार.

आपली आज्ञाधारक,
मंदा

ता. क. मोटार ठणठणीत आहे. सुपडू रोज तिला गावाबाहेर फिरवून आणतो. ती मी अडकवून ठेवली आहे. आपण जळगाव स्टेशनावर उतरा, तो घ्यायला येईल. ताईसाठी नाही तर मोटारीसाठी तरी या.

आणखी एक. परतताना आपण मागे काकूंजवळ बसा. पुढची जागा मी ताईला कबूल केली आहे. पदराचे टोक बाहेर धरून बघणार आहे म्हणते.