अकरा घागरी

३ मार्च १९५८
आज खुशालरावाच्या सुनेने झिऱ्यावर तिसरी घागर भरली. मी ती तिच्यासमोर रिकामी केली. "झिरा काय बुढ्याच्या बापाचा हाय?" म्हणाली. कोणाचाच नाही, म्हणून तर राखावा लागतो! गावच्या विहिरी खाऱ्या, त्या पाण्यात डाळ शिजत नाही. पावसाळा सरला की आम्ही सात घरं मिळून नाल्याला मातीचा बांध घालतो. अडलेलं पाणी मुरतं, काठाला खणलेल्या झिऱ्यात खाऱ्यावर गोडं तरंगतं. घरटी दिवसाला दोन घागरी. जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. यंदा पाऊस आखडला. मी रोज दोनदा चाखून पाहतो. लोक हसतात. हसोत.

८ मार्च
मोर्शीचे केशवराव परवा लेकीसाठी घर पाहायला येणार. त्यांच्याकडे संत्र्याच्या बागा, गोड्या विहिरी. आल्या आल्या पाणीच मागतील. देवीदासला तीन ठिकाणांहून नकार आला तो पाण्यापायी. पोरगा बत्तीस वर्षांचा झाला! एकाने तोंडावर विचारलं — "आमाले पोरगी मिठात घालाची हाय काय?"

१० मार्च
उजाडायच्या आत झिऱ्यावर गेलो. अकरा घागरी उपसल्या. मी! हातपाय धुवायला, चहाला, वरणाला — सगळीकडे तेच पाणी. गूळ मुद्दाम ठेवला नाही. गूळ दिला की सोयरे म्हणतात, चव लपवून राहिले. केशवराव दोन गडवे प्याले. "पानी त आमच्यावानी हाय." मी म्हटलं, घरच्याच विहिरीचं. लग्न ठरलं.

१३ मार्च
झिरा खारवला. खापर मैनाबाईवर फुटलं. सात घरांतली एकटी विधवा बाई, पहाटे सगळ्यांच्या आधी येते म्हणून. पुढे गोडावला तरी तिला घागर नाही, असं ठरलं. ती माझ्याकडेच पाहत होती. मी म्हणालो, नियम तो नियम.

२९ मार्च
झिरा जरासा गोडावला. सहा घरांना एकेक घागर. मैनाबाई दीड कोस पूर्णा नदीवर पाण्याला जाते. उन्हात.

१७ मे
सून घरात आली. विमल. झिऱ्याची घागर संपली होती, विहिरीचं पाणी प्याली. पहिल्या घोटाला थांबली. मग गिळला.

२० मे
"मामाजी, बाबा प्याले ते पानी कोठचं होतं?"
सांगून टाकलं. मैनाबाईचंही. बायको असती तर तिला सांगितलं असतं.

२६ मे
केशवराव लेकीला न्यायला आले. ओट्यावर खुशालराव, मैनाबाई, शेजारपाजार. विमलने विहिरीचं पाणी पुढे केलं. त्यांनी घोट थुंकला. "अन् त्या दिवसचं?"
"ते मैनाबाईच्या वाट्याचं होतं, बाबा. मामाजीनं उपसलं."
कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मैनाबाईनेही नाही.

२७ मे
आमच्या घराची झिऱ्यावरची पाळी बंद. मैनाबाईची परत दिली, ती घेत नाही. विमल बापासोबत गेली नाही. सकाळी घागर घेऊन मैनाबाईच्या मागोमाग पूर्णेच्या वाटेला लागली. जाताना माझा गडवा भरून ठेवला. विहिरीच्या पाण्याने.