घटसर्प आणि लोखंड

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज हे लिहायला बसले, तर पहिल्याच ओळीला अडले. बाप-लेकीत आपण जन्मात कधी शाळेतल्या मराठीत बोललो नाही. तुम्ही समोर आलात की आपोआप आपली बोली तोंडात यायची. हातात पेन घेतलं की मात्र शाळेचीच भाषा उतरते, आणि जे सांगायचंय त्यातल्या निम्म्या गोष्टींना आपल्या बोलीत शब्दही नाहीत. तेव्हा सांभाळून घ्या. नाहीतरी माझ्या बोलण्यातलं अर्धं तुम्ही सोडूनच द्यायचात.

तो बैलांचा दिवस तुम्ही विसरला नसाल. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. आदल्या संध्याकाळी कोतवालाने दवंडी दिली होती की उद्या सकाळी शाळेत घटसर्पाची लस टोचणार. आपल्या गावात घटसर्प म्हणजे ढोरांचा रोग. पावसाळ्याच्या तोंडी जनावराचा गळा सुजतो, ते घरघर करतं आणि दिवस मावळायच्या आत आडवं होतं. लहान मुलांनाही त्याच नावाचा एक रोग होतो, हे गावात कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्या उन्हाळ्यात ढोरांचे डॉक्टर आले तेव्हा आपली जोडी बाहेरगावी भाड्याने गेली होती, तिची लस राहून गेली होती. मी वर्गातल्या मुलींबरोबर रांगेत उभी आहे, माझ्या दंडाला आत्ताच टोचलंय, दंड ठणकतोय, आणि शाळेच्या फाटकातून तुम्ही आत येताय, दोन्ही हातांत दोन कासरे धरून.

नर्सबाई धुळ्याच्या होत्या. खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. "अहो दादा, बैल कुठे आणताय शाळेत?"

"घटसर्पनी लस शे ना?" तुम्ही विचारलंत.

"ही लहान मुलांची लस आहे. घरात लहान मूल आहे का? मग त्याला आणा. बैल कशाला आणलेत?"

"घटसर्प ढोरेस्ले व्हस, बाई. मानसेस्ले नई." तुम्ही हे इतक्या समजुतीच्या सुरात सांगितलंत, जणू शहरातल्या बाईला शेतीतलं काही कळत नाही, तिला बिचारीला कोणीतरी सांगायला हवं. तेवढ्यात ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, बैलेस्ना नाव पटवर टाका!" आणि सगळी शाळा हसली. पोरं हसली, गुरुजी हसले, नर्सबाईंनीही तोंडाला पदर लावला. मी तेवढी पुढच्या मुलीच्या पाठीआड खाली वाकून बसले होते. तुम्ही बैल वळवलेत आणि निघून गेलात. दुसऱ्या दिवशी जोडी शिरपूरला चालवत नेऊन तिथल्या ढोरांच्या दवाखान्यात लस टोचून आणलीत.

माय त्या रात्री म्हणाली होती, "धाकलीले ली जा ना उद्या, बाई म्हने तर." माझी धाकटी बहीण अजून शाळेत जात नव्हती, म्हणून ती रांगेत नव्हती. तुम्ही भाकरी मोडत होतात. म्हणालात, "मन्ही बठ्ठा गावम्हा हासी करी लिन्ही. परत जाऊ त्या शाळाम्हा?" एवढंच. तुमच्यावर हसलेल्या गावाचा राग तुम्ही त्या लसीवर काढलात. वड्याचं तेल वांग्यावर, असं माय पुढे म्हणायची, पण हे म्हणताना ती कधीच हसली नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत धाकटी तुमच्या मांडीवर येऊन बसली. "नाना, मन्हा गया दुखस." आपल्याकडे 'ळ'चा 'य' होतो, गळा म्हणजे गया. मायने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या. दोन दिवसांनी तिची मान दोन्ही बाजूंनी सुजली, चेहऱ्यापेक्षा रुंद दिसायला लागली, आणि तिचा श्वास ऐकू यायला लागला. तुम्ही तिची हनुवटी वर केलीत आणि बैलाचा गळा चाचपतात तशी दोन बोटं तिच्या गळ्याखाली फिरवलीत. मी बघत होते. तुमची बोटं थांबली. तुम्ही "घटसर्प" म्हणालात, कुणाला उद्देशून नाही, आणि मग ताडकन उठून जीपवाल्याकडे पळालात.

तापीचा पूल ओलांडताना मी तिचं डोकं धरलं होतं. पुलावर वारा होता, गाडीचा आवाज होता, आणि त्या दोन्हींमधून तिच्या गळ्यातली घरघर ऐकू येत होती. धुळ्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, बहुधा नागपूरकडचा. तिने त्यालाही तेच सांगितलं, "मन्हा गया दुखस," आणि त्याने तुम्हाला विचारलं, "काय गेलं म्हणतेय ती?" मग टॉर्च लावून घशात पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "हिला घटसर्पाची लस दिली नव्हती का?"

"दिन्ही व्हती," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "बैलेस्ले."

डॉक्टरला वाटलं तुम्ही धक्क्याने काहीतरी बरळताय. त्याने तुमच्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात अजून दिसतो, पांढरा, मऊ, घड्याळ घातलेला. त्याला काय माहीत की तुम्ही त्याला अगदी खरं ते सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरघर थांबली.

आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला आणि झोपा केला. आपल्या घरात बैल राहिला होता. ती जोडी पुढे किती वर्षं तुमच्या औताला होती, धडधाकट, चकचकीत. तुम्ही तिला कधी मारलं नाहीत आणि कधी गोंजारलंही नाहीत. गोठ्यात वैरण टाकताना तुम्ही त्यांच्या गळ्याकडे बघत नव्हतात, हे मी लहान असूनही पाहिलं होतं. गोठ्याकडून कधी घरघर आली तर माय झोपेतून उठून बसायची, आणि तुम्ही म्हणायचात, "काही नई, रवंथ करी राह्यना."

मी जळगावला कॉलेजात गेले, मग पुण्याला. तुम्ही लोकांना सांगायचात की पोर "औषधेस्नं" काही करते. तुमचं अगदी चुकीचं नव्हतं. मी प्रथिनांचे स्फटिक वाढवायचे. साखरेच्या दाण्याहून लहान स्फटिक, त्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि ते कसे विखुरतात त्यावरून आतला एकेक अणू कुठे बसलाय ते काढायचं. कशाचं प्रथिन, ते मात्र मी घरी कधी बोलले नाही. एक मात्र तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं: ढोरांचा घटसर्प आणि मुलांचा घटसर्प यांचं एकमेकांशी चुलत-मावस नातंही नाही. जंतू वेगळे, विष वेगळं. गळा सुजतो म्हणून कुणीतरी केव्हातरी दोन्हींना एकच नाव ठेवलं. त्या माणसाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या आहेत की तो खरोखर असता तर जळून गेला असता.

तुम्ही एकदाच माझ्या प्रयोगशाळेत आलात. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तुमच्या भाच्याचं लग्न होतं पुण्यात. धोतर, टोपी, हातात पिशवी. मी तुम्हाला यंत्राच्या खोलीत नेलं आणि तुम्ही दारातच थांबलात. क्ष-किरणांच्या यंत्राला हवा ओढून घेणारा एक पंप जोडलेला असतो, तो सदा चालू. जुना झाला होता, घरघर करायचा.

"आठे कोन शे?" तुम्ही विचारलंत.

"कोनी नई नाना. पंप शे तो."

"बंद कर."

बंद करता येत नव्हता, मधेच थांबवला तर आठवड्याचं काम वाया जातं. मी ते तुम्हाला सांगितलं. हे सांगितलं नाही, की त्या खोलीत पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा मीही दारातच थांबले होते. तो आवाज मी वर्षानुवर्षं ऐकत काम केलं. सहकारी म्हणायचे, पंप बदलून घे, अर्ज कर. मी टाळत राहिले. खरं सांगू? तो बंद पडेल याचीच मला भीती वाटायची.

मग तुम्ही आत आलात, स्टुलावर बसलात, आणि इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न तुम्ही त्या घरघरीत विचारलात. "तिले ती बाईनी सुई टोचेल व्हती, तर ती वाचती का?"

मला सरळ उत्तर देता आलं असतं. मी पडद्याकडे वळले. पडद्यावर हिरव्या रेघांचं जाळं होतं, आमचं प्रथिन. मी सांगायला लागले, आणि घाबरले की मी भराभरा बोलते, तशी बोलत सुटले. घशातला तो जंतू सदासर्वकाळ विष करत नाही, नाना. त्याच्या पोटात एक रखवालदार प्रथिन असतं, ते हे. त्याच्या हातात लोखंडाचा कण असला की ते विषाच्या पाककृतीवर बसून राहतं, उघडू देत नाही. लोखंड संपलं की त्याचा हात सुटतो आणि मग विष तयार होतं. हे बघा, इथे, सगळ्यात ठळक ठिपका दिसतोय ना, तो धातू. लोखंड हवेत गंजतं, प्रयोगात टिकत नाही, म्हणून आम्ही त्याच्या जागी निकेल बसवलंय.

"म्हंजे सोंग," तुम्ही म्हणालात.

"हो, सोंगच."

"आन् हाई?" तुम्ही दुसऱ्या चित्राकडे बोट केलंत. त्यात धातू काढून घेतलेला होता. जाळं तसंच, मधली जागा रिकामी, आजूबाजूच्या रेघा थोड्या ढिल्या पडलेल्या. मी म्हटलं, इथे लोखंड नाही. इथून विष सुरू होतं.

तुम्ही त्या रिकाम्या जागेकडे वाकून बघितलंत. मग म्हणालात, "त्या सालले कपाशी गयी व्हती. दूध बठ्ठं डेरीले जाये. तिना आंगम्हा लोखंडच नई व्हतं व्हई." आणि नाना, तुमचे खांदे उतरले. इतकी वर्षं डोक्यावरून वाहत आणलेला भारा कुठेतरी टेकावा तसे. मला लगेच कळलं की तुम्ही चुकीचं समजला आहात. लोखंड पोरीच्या अंगात कमी पडलं असं नाही, ते जंतूला कमी पडतं. आपलं अंग जंतूपासून लोखंड मुद्दाम लपवून ठेवतं, राजाच्या पोराचं काय आणि आपल्या पोरीचं काय, घशात ते कुणाच्याच मोकळं पडलेलं नसतं. दूध, कपाशी, गरिबी यांचा इथे काही संबंध नव्हता. हे सांगायला तोंड उघडलं, आणि तुमचे ते उतरलेले खांदे बघून मिटलं.

तुम्ही गेल्यावर दहाव्याला घरी आले तेव्हा पाणी प्यायला रांजणात तांब्या बुडवला आणि तो कशाला तरी खणकन लागला. हात घालून काढलं तर बैलाची नाल, गंजून लाल झालेली. माय म्हणाली, "ठी दे परत. तुन्हा नानांनी टाकेल शे. पोरेस्ना आंगम्हा लोखंड जावाले जोयजे, आसं म्हनेत." तुम्ही पुण्याहून परत आल्यापासून ती नाल तिथे होती. भावाची मुलं तेच पाणी पिऊन मोठी झाली. त्या मुलांच्या सगळ्या लसी वेळच्या वेळी टोचलेल्या होत्या, तुम्ही स्वतः त्यांना कडेवर घेऊन जायचात म्हणे, सगळ्यात आधी, दवाखाना उघडायच्या आत. माय मला हे सांगत होती आणि मला रडूही येत होतं आणि चीडही. कुणाची ते कळत नव्हतं.

म्हणून हे पत्र. सुरुवातीला वाटलं होतं तुमची चूक दुरुस्त करावी. धाकटी उपाशी नव्हती, नाना. तुम्ही तिच्या वाटचं दूध विकलंत म्हणून ती गेली नाही. उरलेलं आयुष्य तुम्ही हा बोल स्वतःला उगाच लावलात. पण हे लिहिलं की पुढची ओळ लिहावीच लागते. एक काढून घेतलं की दुसरं तुमच्या हातात परत द्यावं लागतं, बैल, शाळा, हसणारी माणसं. तुम्ही स्टुलावर बसून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. बहुतेक करून, हो. एवढा एक शब्द मी जिवंतपणी तुम्हाला दिला नाही आणि मेल्यावरही या कागदापलीकडे देऊ शकत नाही. आता तुम्ही जिथे असाल तिथे त्या नालेवरच तुमचं भागत असेल तर भागू दे.

शेवटी एकच सांगते, तुम्हीही ते ओळखलं असेल. शिक्षण संपलं तेव्हा मला आधी दुसरीकडे बोलावणं आलं होतं. याच रोगावर, पण लसीच्या कामाला: ती गावोगाव कशी पोचवायची, लोक ती का घेत नाहीत, ते शोधायला. काम माझ्याच मापाचं होतं, पगारही जास्त होता. मी गेले नाही. तिथे रोज कुणीतरी बैल घेऊन आलं असतं. लोखंडात कुणाचाच दोष नव्हता, म्हणून मी लोखंड घेतलं.