नाव न घेता आणलेलं झाड

वर्धा, मंगळवार, ४ जुलै १९७८

दोन वर्षं शेणखत घातलं, उन्हाळ्यात गोणपाटाची सावली केली. आज पहिलं फूल आलं. पांढरंशुभ्र, आणि वासच नाही. तगर निघाली.

माळ्याची चूक कशी म्हणू? नर्सरीत त्यानं विचारलं होतं, "कोनतं झाड पाह्यजे, बाई?" मला हवं होतं त्या फुलाचं आणि ह्यांचं नाव एकच. शेजारी सासूबाई उभ्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे फुलाचंही नाही. "पांढऱ्या फुलाचं, बारा महिने हिरवं राहतं ते," एवढंच म्हटलं. गडबडीत वासाचं सांगायचं राहिलं.

आज त्याच सासूबाई म्हणतात, "तुले धड सांगता नाई आलं काय?" आणि हे हसून राहिले. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. हे दिवसातून दहादा माझ्या नावानं ओरडतात, तेव्हा माझं नाही होत?

आत्ता पुन्हा जाऊन हुंगून आले. नाहीच वास.

उद्या नर्सरीत एकटी जाणार. चार लोकांसमोर सांगणार, अनंत द्या. घरी एक आहे, पण मला वासाचा पाहिजे.