स्क्रूवरचा गुलाबी ठिपका

बाबा,

तुम्हाला ओळखणारी जी दोन-चार माणसे उरली आहेत, ती अजून म्हणतात की तुमच्यानंतर नागपुरात कॅमेऱ्याला तसा हात लागला नाही. ती हे कौतुकाने म्हणतात. मी ते आरोप म्हणून ऐकते, आणि आज तो रीतसर मांडणार आहे. ज्याच्यामागे त्याची विद्या उरत नाही, त्याच्यापाशी दोनच सबबी असतात: शिकायला कोणी आले नाही, किंवा काळ बदलला. काळ बदलला हे खरे. रोलचे कॅमेरे गेले. पण ते जाण्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, बर्डीवरच्या आपल्या कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइके ताटकळत उभी असताना ही विद्या तुमच्या टेबलावर संपली, आणि शिकणारी तुमच्या मागे स्टुलावर बसलेली होती. दोन्ही सबबी बाद होतात.

तुम्ही नेहमी पाठ करून बसायचात. खिडकीकडे तोंड, दुकानाकडे पाठ. उजेडासाठी, असे सांगायचात. प्रत्यक्षात कॅमेरा उघडायची वेळ आली की खुर्ची आणखी थोडी वळायची, आणि तुमच्या हातांऐवजी मला सदऱ्यावरचा घामाचा डाग दिसायचा. मी कॉलेजातून थेट दुकानात येई, लेन्सा पुसून ठेवी आणि जे दिसत नसे ते कानांनी शिके. शटरच्या पाकळ्या मोकळ्या असल्या की कोरडा, तुटक आवाज येतो; तेल चढून चिकटल्या की आवाजाला ओल येते. तुमचा एकच दुबळेपणा मला ठाऊक होता. एखादा कॅमेरा मनात भरला की काम होऊनही तुम्ही तो परत देत नसायचात. गिऱ्हाईक विचारायला आले की मान न वळवता म्हणायचात, "थांब गा, अजून पाहून राहिलो." काम केव्हाच झालेले असायचे.

मग तो दिवस येतो. तुम्ही पारशिवनीला लग्नाला गेलेले आहात. कळमेश्वरचा फोटोग्राफर आपला दोन लेन्सांचा कॅमेरा आणतो. पाकळ्या चिकटल्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला एका लग्नाचे फोटो काढायचे आहेत. मी कॅमेरा ठेवून घेते. तो गेल्यावर तुमच्या खुर्चीत, तुमच्यासारखीच खिडकीकडे तोंड करून बसते. पुढची लेन्स उतरवते, शटरवरची पट्टी सोडवते, पाकळ्या पेट्रोलने धुते, वाळू देते, पुन्हा धुते. आवाज कोरडा झाल्यावरच सगळे परत बसवते. पट्टीचा स्क्रू हलू नये म्हणून तुम्ही त्यावर लाखेचा ठिपका ठेवायचात. लाख तुमच्या कुलपातल्या खणात होती. माझ्या पर्समध्ये गुलाबी नेलपॉलिश होती. मी ती लावली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परतलात आणि पाठोपाठ तोही आला. कॅमेरा हातात घेताच तुम्हाला कळले.

"कोनं हात लावला याले?"

"मी," मी म्हणाले. "आवाज ऐकून पाहा."

"काहून वं? मले इचारलं होतं?"

तुम्ही पाठ फिरवलीत. हत्यारांचा आवाज आला, फुंकर ऐकू आली, शटर वाजले, पुन्हा वाजले. मग तुम्ही वळलात आणि माझ्याकडे न पाहता त्याला म्हणालात, "पोरीनं काहीच बराबर बसवलं नव्हतं. मी पुरा खोलून पुन्हा बसवला. लग्नातच दगा देला असता तुले यानं."

तो खुशीत आला. "भाऊ, तिले पोयाच लाटू द्या. पोयी नाही फुगली त कुत्र्याले टाकता येते. कॅमेरा कोनाले टाकता?"

तुम्ही हसलात. नंतर मला म्हणालात, "उद्यापासून घरीच राहाय. तुया हात जड आहे."

पुढे मी तर्कशास्त्र शिकवले. आधाराशिवाय कोणतेही विधान स्वीकारू नका, हे मुलांना इतक्यांदा सांगितले की ती माझी नक्कल करीत. हे एक विधान मात्र मी आधार न मागता स्वीकारले. अंगणात रांगोळी काढली नाही. सुईत दोरा ओवायलासुद्धा शेजारणीकडे दिला. तुमची हत्यारे तुम्ही गेल्यापासून कपाटात जशीच्या तशी पडून होती.

गेल्या महिन्यात त्या फोटोग्राफरचा मुलगा सक्करदऱ्याच्या माझ्या घरी तोच कॅमेरा घेऊन आला. "मॅडम, पुऱ्या नागपुरात कोनीच हात लावून नाही राहिलं. म्हनते, शोकेसमंधी ठेवून द्या. तुम्ही भाऊची पोरगी ना? पाहून त घ्या." मला येत नाही, असे मी सांगितले. तरी तो कॅमेरा दिवाणावर ठेवून गेला. मी तुमची हत्यारे काढली. पट्टीच्या स्क्रूवर माझा गुलाबी ठिपका होता; कड शाबूत, कुठे तडा नाही.

तो स्क्रू सोडवल्याशिवाय पाकळ्यांपर्यंत कोणालाही जाता येत नाही, आणि तो सोडवला की ठिपका फुटतो. फुटल्यावर तुम्ही तो पुन्हा लावला असेल, असा आक्षेप घेता येईल. पण तुमच्या टेबलावर गुलाबी नेलपॉलिश नव्हती आणि माझी पर्स माझ्या खांद्याला होती. म्हणजे तुम्ही पुढची लेन्स काढलीत, आत पाहिलेत, ठिपका पाहिलात, शटर ऐकलेत आणि सगळे होते तसे बंद केलेत. दोष दिसला असता तर तुम्ही स्क्रू उघडला असता. सदोष काम तुम्ही कधी दुकानाबाहेर जाऊ दिले नाही. चुकीच्या समजातून झालेला अन्याय मी सोडून दिला असता. तुमचा समज चुकीचा नव्हता. माझे काम चोख आहे हे सिद्ध झाल्यानंतर, आणि केवळ त्यामुळेच, तुम्ही मला घरी पाठवलेत. तुमच्या बचावासाठी मी बराच विचार केला. काही सापडले नाही.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. मी तो ठिपका फोडला, पाकळ्या धुतल्या, पट्टी बसवली. कपाटात तुमची लाखेची बाटली होती, पण मी मुद्दाम बाजारातून नवी गुलाबी बाटली आणली. आवाज कोरडा आहे. काल तो मुलगा विचारायला आला. मी खिडकीपाशी बसले होते, कॅमेरा मांडीवर होता. मागे न वळता मी म्हणाले, "थांब गा, अजून पाहून राहिले."

काम केव्हाच झाले आहे.