पिलाताचा दुसरा डोळा

मी, झेगे गावचा चर्चच्या भिंती रंगवणारा यित्बारेक वोल्दे-किरोस, वय एकाहत्तर. हात थरथरतो, पण डोकं ठिकाणावर आहे. हे मी राजीखुशीने सांगतो आहे आणि आमचे धर्मगुरू अब्बा तेबेजे लिहून घेत आहेत.

१. राहतं घर मुलगी वुबित हिला. गाढव शेजारीण अस्नाकू हिला. नाहीतरी ते तिच्याच दारात पडलेलं असतं.

२. कुंचले आणि रंगही वुबितला, पण एका अटीवर. बावीस वर्षांपूर्वी चर्चचा चांदीचा क्रूस चोरल्याचा आळ माझ्यावर आला. चोरी झाली त्या दिवशी मी थोरला भाऊ देम्ले याच्या अंगणात बसलो होतो. दादा न्यायाधीश. भावाची बाजू घेतली असं लोक म्हणतील, म्हणून त्याने साक्ष दिली नाही. मी अकरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर चर्चच्या भिंतीवर पिलात काढायचा होता, ख्रिस्ताचा निवाडा करणारा सुभेदार. ख्रिस्त निर्दोष आहे असं म्हणत त्याने हात धुतले, तरी त्याला क्रूसावर जाऊ दिलं, पुढे पस्तावला, म्हणून आमच्याकडे तो संत. संतांना आम्ही दोन डोळे काढतो, दुष्टांना बाजूने दाखवून एकच. मी पिलाताला दादाचा चेहरा दिला आणि एकच डोळा. धर्मगुरू रागावले, मी ऐकलं नाही. गावाने चेहरा ओळखला. दादा तेव्हापासून दोन तास चालून दुसऱ्या चर्चला जातो.

गेल्या वर्षी माझी बायको एनानू जाताना बोलली, की तुरुंगाच्या दारात माझ्यासाठी रोज येणारी इंजेरा भाकरी दादाच्या घरची होती. मला फार लाज वाटली. आता माझ्याने रेघ ओढवत नाही. वुबितने काकाला समोर बसवून तो चेहरा पुन्हा काढावा, समोरून, दोन्ही डोळ्यांचा, पिलाताच्या सणाआधी. चेहरा दादाचाच राहील.

३. मागची कॉफीची झाडं दादाला.

४. (मागाहून घातलेलं.) अब्बा साक्षीदार आणायला गेले आणि दादालाच घेऊन आले. त्याने सगळं वाचलं. मग म्हणाला, "एकच डोळा राहू दे रे. तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नव्हतंच."

मी म्हटलं, "दादा, मृत्युपत्र माझं आहे."

अब्बा म्हणाले की ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही, दुसरा कोणीतरी बघू. दादाने लेखणी घेतली आणि तिसऱ्या कलमावर आडवी रेघ मारली.

"या वेळी साक्ष मीच देणार," तो म्हणाला.

झेगे, आमच्या पंचांगाप्रमाणे सेने महिन्याची १२ तारीख, २००७.

अंगठा: यित्बारेक वोल्दे-किरोस

साक्षीदार: अब्बा तेबेजे

साक्षीदार: देम्ले वोल्दे-किरोस, सख्खा भाऊ