पिवळ्या गाडीचा रिस्क मॅनेजर

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

आधीच सॉरी. माझं शुद्धलेखन खराब आहे. शाळा हिंदी मीडियम, ती पण अकरावीत सोडली. मोबाईलवर एका अंगठ्याने टाईप करतो, ळ शोधायलाच अर्धा मिनिट जातो. ही डायरी कोणी वाचणार नाहीये, म्हणून सॉरी मलाच.

आजपासून मी रिस्क मॅनेजर.

अमेयदादा म्हणजे बाबांच्या कारखान्यातल्या जुन्या फोरमनचा मुलगा. आता कॉन्ट्रॅक्टर झालाय. त्याने सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. जर्मन, पिवळी, दोन दरवाजे. इतकी खाली की बसताना वाटतं जमिनीवर जेवायला बसलो. त्याच्या घरी फरशीचं काम चालू आहे, म्हणून गाडी दोन आठवडे आमच्या शेडमध्ये राहणार. बाबांनी मारुती विकल्यापासून ती शेड रिकामीच होती.

पाच ऑक्टोबरला मंडीदीपच्या पुढे ट्रॅक डे आहे. एका बंद पडलेल्या कंपनीची लांब डांबरी पट्टी आहे, तिथे प्लास्टिकचे कोन ठेवून वळणं बनवतात आणि लोक आपापल्या गाड्या पळवतात. दादा जाणार.

चावी देताना दादा म्हणाला, "आजपासून तू आमचा रिस्क मॅनेजर. गाडीला काही झालं नाही, तर शेवटच्या राउंडला तू बाजूच्या सीटवर."

हसत म्हणाला. पण जबाबदारी देताना मोठे लोक हसतातच. मी अंगठा दाखवला.

२५ सप्टेंबर, सकाळी ११

सात व्हिडिओ पाहिले. आता ट्रॅकबद्दल मला सगळं येतं. रिस्क लिहून काढल्या.

टायर थंड असताना हवा कमी ठेवायची, गरम झाला की वाढते. ब्रेकचं ऑइल नवीन पाहिजे. गाडीत सुटी वस्तू नको, जोरात वळलं की तीच उडून डोक्यात बसते. आणि सगळ्यात मोठी रिस्क मी स्वतः शोधली. गाडीच्या इन्शुरन्सच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलंय की रेस किंवा स्पीड टेस्टमध्ये काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. दादाला माहीत नसणार. उद्या सांगतो.

२६ सप्टेंबर

दादा आला होता. इन्शुरन्सचं वाक्य मी बाथरूममध्ये पाच वेळा म्हणून पाहिलं, छान येत होतं. बाहेर आलो तर दादा फोनवर. मग फोन संपला तर आई पोहे घेऊन आली. मग समोरच्या मधुराकाकू त्यांचा उडून गेलेला पोपट दिसला का विचारायला आल्या. मग दादा गेला. वेळ जुळली नाही. उद्या.

२८ सप्टेंबर, रविवार

बाजूला बसायची प्रॅक्टिस. खुर्ची भिंतीला लावली, कमरेला बाबांचा पट्टा बांधला, वळण आलं की मान उलट्या बाजूला. आईने विचारलं मान अवघडली का. बाम लावला. लावू दिला.

नीट विचार केला तर शेवटच्या राउंडला दादा थकलेला असणार. थकलेल्या ड्रायव्हरने गाडी चालवणं ही पण रिस्कच. तेव्हा चालवायला मीच बसणं सेफ. दादाला हे तिथेच सुचेल.

स्कूटीचं लर्निंग लायसन्स आहे माझ्याकडे. ट्रॅकवर लायसन्स कोण विचारतो.

२९ सप्टेंबर

वाईट दिवस. दादासोबत कौस्तुभ आला. मेकॅनिकल थर्ड इयर. आठवीपर्यंत माझ्या बेंचवर बसायचा, माझ्याच वह्या उतरवायचा. आता हातात लॅपटॉप. गाडीभोवती फिरून म्हणाला, क्या मॅनेजर साब, हवा-पाणी देखते हो क्या? दादा हसला.

दादाने त्याला पण पाचला बोलावलंय. म्हणे डेटा बघेल. डेटा काय, डोळे आहेत ना मला.

एक्स्ट्रा हेल्मेट एकच आहे. ते माझं. दादाने तसं म्हटलं नाही, पण ते आमच्या शेडमध्ये ठेवलंय, म्हणजे काय ते कळतं. काल रात्री ते घालून झोपलो, सवय व्हावी म्हणून. सकाळी कान लाल.

१ ऑक्टोबर

माझी आयडिया पास झाली. मी दादाला मेसेज केला (मेसेजवर मी चांगलं बोलतो) की गाडी रस्त्याने नेऊ नको. मंडीदीपपर्यंत ट्रक, खड्डे, गाई. टोइंगवाल्या सपाट ट्रकवर चढवून न्यायची, टायर ट्रॅकसाठी ताजे राहतात. दादाचा रिप्लाय आला, सही पकड़े हो. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

त्याच मेसेजमध्ये इन्शुरन्सचं पण लिहिलं होतं. पण मेसेज मोठा दिसत होता म्हणून ती ओळ काढली.

डॅशबोर्डवर दादाच्या आईने गणपती चिकटवलाय. सुटी वस्तू नंबर एक. हात लावायला गेलो, हात परत घेतला. ही रिस्क देवावर सोडली.

२ ऑक्टोबर, दसरा

बाबांची पूजा. चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले तरी दसऱ्याला त्यांचे पाने, हातोड्या, लोखंड पकडायचा तो म्हातारा वाइस, सगळं घासून, धुऊन, तेल देऊन पाटावर मांडतात. प्लांटमध्ये अख्ख्या वर्कशॉपची मशीनं अशी चमकायची म्हणे. दर वर्षी तेच वाक्य, "धुतलेलं लोखंड तेलाशिवाय ठेवायचं नाही. रात्रीतून गंजतं."

तेलाची कुप्पी मात्र मीच दाबतो. बाबांच्या उजव्या अंगठ्यात जोर राहिला नाही. ते फक्त बोटाने दाखवतात कुठे.

गाडीची पण पूजा झाली. झेंडूचा हार, हळदकुंकू, चार टायरखाली चार लिंबं. दादाने एक फूट पुढे घेतली, चारी फुटली. शुभ. बाबांनी दादाला सांगितलं, पोरगं गाडीची फार काळजी घेतं. दादाने माझी पाठ थोपटली. मी अंगठा दाखवला.

४ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ

उद्या. सकाळपासून कामात. गाडी दोनदा धुतली. दुपारी बघतो तर चाकांच्या आत ब्रेकच्या ज्या लोखंडी चकत्या असतात, डिस्क, त्यांच्यावर नारंगी थर. गंज! तो कौस्तुभ लॅपटॉप घेऊन बसलाय आणि इकडे गाडी सडतेय. अशा गंजलेल्या डिस्कवर दोनशेचा स्पीड? मी होतो म्हणून दिसलं.

बाबांची कुप्पी आणली. चारी डिस्क मागून-पुढून पुसून, तेल देऊन चमकवल्या. आरशासारख्या. बाबांना विचारलं नाही, ते गुरुवारी सांगून चुकलेत. ब्रेकची रिस्क खतम.

इन्शुरन्सचं उद्या ट्रकमध्ये सांगतो. तासभर शेजारी बसणार, सुटून जाणार कुठे.

५ ऑक्टोबर, सकाळी ६

ट्रक आला. गाडी तारेने ओढून वर घेतली, इंजिन चालू पण नाही केलं, टायर ताजे. ट्रकच्या केबिनमध्ये दादा आणि कौस्तुभ. मी मागून टोइंगवाल्याच्या हेल्परच्या बाईकवर. इन्शुरन्स राहिलं. हेल्मेट माझ्या डोक्यावर आहे, हे महत्त्वाचं.

५ ऑक्टोबर, दुपारी २

धोका झाला. घातपात.

झालं असं. गाडी ट्रकवरून उतरवली. चेकिंगची लाईन शंभर पावलं लांब. दादाने स्टार्ट केली, आवाज आला, सगळे वळून बघायला लागले. मी बाजूने चालत होतो, मॅनेजरसारखा. दादा हळूच आला, पंधराचा स्पीड असेल. लाईनपाशी ब्रेक मारला. गाडी थांबली नाही. दादाचा चेहरा काचेतून दिसला, तो दोन्ही पायांनी उभा राहिल्यासारखा दाबत होता. गाडी आपली आरामात, लग्नात वरात चालते तशी, चेकिंगवाल्यांच्या टेबलाला वळसा घालून पोहे-जलेबीच्या टपरीत गेली.

पोहेवाला झारा घेऊन बाजूला उडाला. त्याला काही झालं नाही, शप्पथ. शेगडी बाजूला होती, ती पण वाचली. पाकाचं भगोनं बॉनेटवर. आठ किलो पोहे जमिनीवर, वर शेव.

गणपती जागेवरून हलला पण नाही.

कौस्तुभ खाली बसला, चाकात बोट घातलं, बोट नाकाशी नेलं. म्हणाला, "ये तो सिलाई मशीन का तेल है. ब्रेक पे तेल कौन लगाता है भाई?"

सगळे दादाकडे. दादा माझ्याकडे. मी बुटांकडे. बोलणार होतो. पण तोपर्यंत चेकिंगवाल्याने गाडीचा नंबरचा स्टिकर खरवडून काढला. म्हणाला, ब्रेकचे पॅड तेल प्यायलेत, आज ही गाडी ट्रॅकवर जाणार नाही.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

दिवसभर मी आणि पोहेवाला ओल्या फडक्याने पाक पुसत होतो. पिवळ्या रंगावर मधमाश्या. बंपरला चीर आहे, लांबून दिसत नाही. फार लांबून.

शेवटच्या राउंडला इंदौरच्या एका माणसाने कौस्तुभला आपल्या गाडीत बाजूची सीट देऊ केली. कौस्तुभने सकाळपासून त्याच्याशी गप्पा मारल्या होत्या. कौस्तुभ माझ्याकडे आला, म्हणाला यार, हेल्मेट दे ना. दिलं. आतून माझ्याच घामाने ओलं होतं. त्याने नाक मुरडलं आणि घातलं.

माझी सीट. माझं हेल्मेट.

विचार केला. तेल मी दिलं, मान्य. पण ते चमकण्यापुरतं. गाडी थांबणारच नाही इतकं नाही. वरून कोणीतरी अजून ओतलंय. आणि कौस्तुभला वासावरून लगेच कसं कळलं कुठलं तेल? ज्याने लावलं त्यालाच कळतं. पुरावा जमवतो.

६ ऑक्टोबर

इन्शुरन्सचं दादाला कळलं. कंपनीला फोन केल्यावर. मला मेसेज आला, तुला माहीत होतं का? मी टाईप केलं, पुसलं, टाईप केलं. शेवटी अंगठ्याचं चित्र पाठवलं. नंतर कळलं की त्याचा अर्थ हो असा होतो.

दुपारी दादा शेडमधली गाडी आणि चावी न्यायला आला. मी आतल्या खोलीत, दार बंद, कान दाराला. दादाने बाबांना सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट वाटलं. काका, परीक्षितने लावलं का, एवढंच विचारलं.

बाबा मग म्हणाले, "नाही रे. मी लावलं. चौतीस वर्षांची सवय, हात गेला. माफ कर."

मी तिथेच खाली बसलो. बाबा! कौस्तुभवर उगीच शक घेतला. सख्ख्या बापाने रात्री उठून वरून तेल घातलं आणि माझा राउंड घालवला. आणि मला सांगितलं पण नाही. बाबा शेडमध्ये आले कधी, मला कळलं कसं नाही?

ठरलं. बाबांशी बोलणं बंद. तसं पण आमच्यात फार बोलणं नसतं, त्यामुळे त्यांना कळायला वेळ लागेल.

७ ऑक्टोबर

बोलणं बंद, दिवस पहिला. बाबांना कळलं नाही.

८ ऑक्टोबर, सकाळी १०

आईचं शिलाई मशीन करकरत होतं. आईने बाबांना तेल द्यायला सांगितलं. मी मुद्दाम समोर बसून राहिलो. म्हटलं बघू, किती सराईत हात आहे.

बाबांनी कुप्पी घेतली. अंगठा ठेवला. काही आलं नाही. दुसऱ्या हाताने अंगठ्यावर अंगठा ठेवला. नळीच्या तोंडाशी एक थेंब आला आणि परत आत गेला. आईने शिवण बाजूला ठेवली, खिडकीबाहेर बघायला लागली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. कुप्पी फक्त माझ्या बाजूला सरकवली आणि मशीनवर बोट ठेवलं.

"इथे," म्हणाले. "एकच थेंब."

मी दाबली. एकच थेंब.

चार डिस्क, मागून-पुढून. अख्खी कुप्पी रिकामी झाली होती शनिवारी. रविवारी सकाळी मीच परत भरून ठेवली होती. ते इथे लिहायचं राहिलं होतं.

दादाला मेसेज टाईप करायला घेतलाय. तीन शब्द झालेत. तेल मी लावलं. पाठवायचं बटन दाबणार, तेवढ्यात दार वाजलं.

समोरच्या मधुराकाकू आत्ता सांगून गेल्या, त्यांचा उडून गेलेला पोपट सापडला. टी. टी. नगरच्या एका सरकारी ऑफिसात तीन आठवडे कपाटावर बसून होता. कोणी काही विचारलंच नाही.